वाद्य विकायचं तर वाजवणाऱ्याला

फौजेत ‘कॉन्सर्टिना’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नवीन रिक्रूटलाही माहीत असतं की ती काटेरी तारेची गुंडाळी. दोघांनी दोन टोकं धरून ओढली की पंधरा-वीस पावलं पसरते, परत ढकलली की चपटी होते. चामड्याचे हातमोजे घातले नाहीत तर मनगटावर आठवण ठेवून जाते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी ही तार किती ठिकाणी पसरली आणि किती ठिकाणी गोळा केली, याचा हिशेब नाही. पण या तारेला ज्याच्यावरून नाव पडलं ते एक वाद्य आहे, हे मला नोकरीची सोळा-सतरा वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं.

ते वाद्य माझ्याकडे आठ वर्षं होतं. गेल्या डिसेंबरात मी ते विकलं, आणि त्यावरून आमच्या घरात आणि युनिटमध्ये बरीच चर्चा झाली. साठ हजार देणारा माणूस दारात उभा असताना चाळीस हजारांना, तेही हप्त्यांनी विकलं, म्हणून बऱ्याच जणांनी मला वेड्यात काढलं. आज त्याबद्दल माझं म्हणणं मांडतो. पटलं तर घ्या, नाहीतर खाली दोन शब्द सुनवा.

आधी वस्तू काय ते सांगतो. अंबाल्याला असताना सदर बाजारात एका जुन्या सामानाच्या दुकानात खुर्च्यांच्या ढिगाखाली एक सहा कोनी लाकडी पेटी दिसली. आत सहा कोनीच वाद्य, दोन्ही बाजूंना नक्षीची जाळी, मधे चामड्याचा पाच घड्यांचा भाता. दुकानदार म्हणाला, “फुल चालू आहे.” भाता ओढला तर दम्याच्या पेशंटसारखा आवाज आला. अडीच हजारांना घेतलं. घरी येऊन मोजलं तर अठ्ठेचाळीस बटणांपैकी एकोणीस बोलत होती. ही ‘फुल चालू’ची व्याख्या पुढे फार कामाला येणार होती.

माझा ट्रेड ईएमईचा, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. त्यामुळे वस्तू उघडल्याशिवाय झोप लागत नाही. दोन्ही बाजूंचे सहा-सहा लांब स्क्रू काढले, आणि आत जे दिसलं त्यानं मी गारच पडलो. लाकडाच्या पाटात चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे, प्रत्येक कप्प्यात पितळेच्या चौकटीत बसवलेली पोलादाची बारीक जीभ. एका बटणाला दोन जिभा, एक भाता दाबताना वाजणारी आणि दुसरी ओढताना वाजणारी. म्हणजे एकूण शहाण्णव. आपल्या भजनी पेटीचंच तत्त्व, पण सगळं मुठीत मावेल असं. पेटीला सूर एका हातानं वाजवायचे आणि भाता दुसऱ्या हातानं मारायचा. इथे दोन्ही हात भाता मारतात आणि दोन्ही हात सूरही वाजवतात. एक सूर डाव्या हाताला, पुढचा उजव्या हाताला, पुन्हा डाव्या. परेडमध्ये पाय टाकल्यासारखं.

शोधताना निर्मात्याचं नाव वाचलं आणि हसू आलं. हे वाद्य काढलं चार्ल्स व्हीटस्टन यांनी, लंडनमध्ये, त्यांचं पहिलं पेटंट १८२९ चं. आमच्या ट्रेनिंगमध्ये अज्ञात रोध मोजायला ज्याच्यावर घाम गाळला तो ‘व्हीटस्टन ब्रिज’ त्यांच्याच नावाचा. आणि इंग्रजांच्या फौजेनं बोअर युद्धात आणि पहिल्या महायुद्धात वापरलेली ‘प्लेफेअर’ सांकेतिक लिपीही याच गृहस्थांनी १८५४ मध्ये तयार केलेली, नाव मात्र मित्राचं लागलं. माझं वाद्य खुद्द त्यांच्या कारखान्यातलं नव्हतं. त्यांच्याकडे काम करून मग स्वतंत्र झालेल्या लाशेनल यांच्या कंपनीचं होतं. व्हीटस्टनच्या कारखान्याच्या जुन्या वह्या टिकल्या आहेत, त्यामुळे नंबरावरून साल सांगता येतं. लाशेनलच्या वह्या टिकल्या नाहीत, अंदाजच करावा लागतो. जाणकारांना फोटो पाठवले, ते म्हणाले एकोणिसाव्या शतकाची अखेर धरा.

जोधपूरच्या दोन हिवाळ्यांत ते दुरुस्त केलं. बटणाखालच्या गाद्या नवीन केल्या. प्रत्येक जिभेवरची चामड्याची पातळ झडप बदलली. भात्याच्या कोपऱ्यांना आतून बारीक चामडं लावलं. गंज इतक्या हळू काढला की एका संध्याकाळी चार जिभा झाल्या तरी खूप. शेवटी सगळी अठ्ठेचाळीस बटणं बोलायला लागली. मग मी वाजवायला शिकलो, म्हणजे प्रयत्न केला. दोन आरत्या, एक भजन आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ची पहिली ओळ, एवढ्यावर माझी गाडी थांबली ती थांबलीच. मेकॅनिकला गाडी दुरुस्त करता येते म्हणून तो रेस जिंकतो असं थोडंच आहे?

आता मुद्द्याकडे येतो. हे वाद्य विकायचं का ठरवलं?

जोधपूरनंतर माझी फील्ड पोस्टिंग लागली. वाद्य जावळीला गावी ठेवलं. आईनं नीट फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं. दोन पावसाळे गेले. सुट्टीवर येऊन उघडलं तर भात्यावर पांढरी बुरशी, झडपा वाकून कानासारख्या उभ्या, एका बाजूच्या लोकरी कापडाला कसर लागलेली. आईची काही चूक नव्हती, तिनं देवाच्या वस्तूसारखं जपलं होतं. पण असं वाद्य जपून ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. भाता हलत राहिला तर चामडं मऊ राहतं. हवा खेळत राहिली तर जिभांवर गंज सहसा धरत नाही. रोज हाताळणाऱ्याला बिघाड पहिल्या दिवशी कळतो, माळ्याला तो कधीच कळत नाही.

पुन्हा दुरुस्त केलं आणि पुढच्या पोस्टिंगला शिलाँगला घेऊन आलो. तिथे दुसरा धडा मिळाला. जोधपूरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं होतं, खोबणीतल्या पितळी चौकटी सैल झाल्या होत्या, म्हणून मी कागदाच्या पट्ट्या घालून त्या घट्ट केल्या होत्या. शिलाँगच्या ओलाव्यात तेच लाकूड फुगलं, चौकटी दाबल्या गेल्या आणि अकरा जिभा अडकल्या. एकेक पट्टी परत काढत बसलो. फौजी माणसाच्या ट्रंकेत सागाच्या फळीनंही वळण सोडावं, तिथे या नाजूक लाकडाची काय कथा. माझी पुढची पोस्टिंग पुन्हा फील्डची आहे. म्हणजे पुन्हा माळा. तेव्हा ठरवलं की आता हे माझ्याकडे राहू नये.

गिऱ्हाईक पहिलं आलं ते एका हॉटेलची सजावट करणारे गृहस्थ. कुणाकडून तरी ऐकून आले. वाद्य हातात घेतलं, फिरवून पाहिलं, फोटो काढले आणि म्हणाले, साठ हजार, रोख. लॉबीत काचेच्या कपाटात, जुना ग्रामोफोन आणि टाइपरायटरच्या मधे ठेवणार. अर्ध्या तासात त्यांनी एकही बटण दाबून पाहिलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक नाताळच्या तयारीत भेटलं. आमच्या सर्वधर्म स्थळात कॅरोल्स बसवायला शिलाँगमधल्या एक संगीत शिक्षिका आल्या होत्या. तिकडे बाईमाणसाला आदरानं ‘काँग’ म्हणतात, म्हणजे आपली ताई, तर मीही काँगच म्हणायचो. त्या अकॉर्डियन वाजवत होत्या. बोलता बोलता कळलं की त्यांच्याकडे नवीन बनावटीचा तीस बटणांचा कॉन्सर्टिना आहे, आणि ‘गाण्याच्या मधेच सूर संपतात’ ही त्यांची तक्रार. मी घरी येऊन पेटी घेऊन गेलो. त्यांनी आधी वास घेतला. मग भाता थोडा उघडून, एकही बटण न दाबता, स्वतःच्या वजनानं तो किती वेळात खाली येतो ते पाहिलं. हवा कुठून गळते का, हे तपासायची ती पद्धत. तिथेच मला कळलं की योग्य माणूस भेटला. मग त्यांनी एक धून वाजवली, आणि आठ वर्षं माझ्या घरात राहिलेली वस्तू काय आहे हे मी पहिल्यांदा ऐकलं.

“साहेब, याचे किती घेणार?” त्या म्हणाल्या.

मी हॉटेलवाल्यांचा आकडा सांगितला. त्या गप्प झाल्या, पेटी बंद केली, माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, “माझी ताकद चाळीसची आहे. त्यातले पंचवीस आता, बाकीचे तीन महिन्यांत. पण तुम्हाला साठ मिळत असतील तर मी तुम्हाला अडवणार नाही.”

घरी सौभाग्यवतींच्या कानावर घातलं. त्यांचं म्हणणं मी इथे पूर्ण लिहितो, कारण ते चुकीचं नव्हतं. “अहो, वीस हजार म्हणजे पोरीच्या कोल्हापूरच्या होस्टेलचा खर्च आहे. आणि हॉटेलात काय ते वाद्य मरणार आहे का? काचेत राहील, पुसलं जाईल, कुणी पाडणार नाही. वाजवणाऱ्याच्या हातात झिजणार, फुटणार. तुम्हाला वस्तू टिकायला हवी ना? मग काचेतच टिकेल.”

दोन दिवस मला यावर उत्तर सुचलं नाही. वस्तू टिकणं हाच मुद्दा असेल तर काच बरी, हे खरंच आहे. जगात मोठमोठी वस्तुसंग्रहालयं याच तत्त्वावर उभी आहेत, आणि जे वाद्य एकमेव आहे, ज्याच्यासारखं दुसरं उरलं नाही, ते तिथेच असावं. पण माझं वाद्य एकमेव नव्हतं. अशी हजारो बनली होती, आणि ती सामान्य माणसांनी वाजवावीत म्हणून बनली होती. शिवाय हॉटेलची लॉबी म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. तिथे ओलावा मोजणारं कुणी नसतं. वरची नक्षी चमकत राहील आणि आतल्या जिभा गंजत राहतील. दहा वर्षांनी सजावट बदलली की तेच वाद्य पुन्हा कुठल्यातरी सदर बाजारात खुर्च्यांखाली जाईल, आणि दुकानदार पुन्हा म्हणेल, फुल चालू आहे.

मग एक मत असं आलं की सुभेदारसाहेब, एवढा कळवळा आहे तर बाईंना फुकटच द्या ना. यालाही माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. आमच्या आजोबांची भजनाची पेटी ते गेल्यावर घरच्यांनी देवळाला दिली, श्रद्धेनं, एक रुपया न घेता. ती सगळ्यांची झाली म्हणजे कुणाचीच राहिली नाही. सप्ताहात कुणीही काढायचं, कुणीही ठेवायचं. चार-पाच वर्षांत उंदरांनी भाता खाल्ला. ज्यानं स्वतःच्या कमाईचे पैसे मोजले असते, त्यानं रात्री झाकण लावलं असतं. फुकट मिळालेली वस्तू बहुतेक वेळा कपाटावर जाते, घाम गाळून घेतलेली हातात राहते. म्हणून किंमत घ्यावी, पण घेणाऱ्याचं कंबरडं मोडेल अशी नको.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. वाद्यात एक दोष होता. उजव्या हाताचा मधला ‘ए’, भाता ओढताना वाजणारा. त्याच्या पोलादी जिभेच्या मुळाशी गंजाचा एक खड्डा होता. वाजत छान होता, कानाला काही कळत नव्हतं. पण ती जीभ दहा वर्षं टिकेल की दहा दिवस, हे सांगता येत नव्हतं. काचेत ठेवणाऱ्याला याचा काही फरक पडला नसता. वाजवणाऱ्याला पडतो. काँगनी तो सूर दहा वेळा वाजवला होता आणि त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. न सांगता चाळीस हजार घेतले असते तर मला कुणी पकडलं नसतं.

आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेली गाडी परत देताना लॉगबुकमध्ये लिहावं लागतं की काय बदललं, काय बदललं नाही, कशावर नजर ठेवायची. कारण ती गाडी घेऊन जाणारा जवान आपल्या सहीवर विश्वास ठेवून डोंगर चढणार असतो. मी वहीची दोन पानं भरली. कुठलं चामडं नवीन, कुठलं मूळचं. कुठल्या खोबणीत कागद आहे, पावसाळ्यात तो काढायचा, हिवाळ्यात कोरडं झालं तर घालायचा. आणि शेवटी लाल शाईनं त्या ‘ए’ची कहाणी. ती पानं त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, आता चाळीसचे पस्तीस म्हणालात तरी चालेल.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. किंमत कमी केली नाही. उलट एक मागणी केली, आणि ती ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणाल्या, “याचे सूर आजच्या वाद्यांपेक्षा चढे आहेत. गिटार आणि पियानोबरोबर वाजणार नाही. उतरवून द्याल का?”

खरं होतं. त्या काळी इंग्लंडात सूर चढे लावत. आज ‘ए’ चारशे चाळीसला धरतात, माझ्या वाद्याचा चारशे बावन्नच्या आसपास होता. जवळपास अर्ध्या पट्टीच्या अर्ध्याइतका फरक. मला तो जुना सूर जपायचा होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी कानानं लावलेला सूर मी कानस घेऊन पुसायचा? जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. मी सरळ नाही म्हणालो.

काँग शांतपणे म्हणाल्या, “साहेब, मग मी हे एकटी बसून वाजवू? आमच्याकडे कुणी एकटं गात नाही.”

हॉटेलवाल्यांवर मी जो आरोप करत होतो तोच माझ्यावर आला होता. मलाही ते वाद्य माझ्या मनातल्या काचेत ठेवायचं होतं, फक्त माझी काच जास्त विद्वान होती. दुरुस्त करणाऱ्याचं काम वाद्य बोलतं करण्याचं. ते कुणाबरोबर बोलणार हे वाजवणारा ठरवतो. नाताळला तीन आठवडे होते. रोज संध्याकाळी मोबाइलवर सूर मोजायचं अॅप लावून बसलो. पंच्याण्णव जिभा मुळाशी हलक्या हातानं घासल्या. शहाण्णवावी तो गंजका ‘ए’. तिला मुळाशी कानस लावणं म्हणजे मोडणंच. म्हणून तिच्या टोकावर डाखाचा बारीक थेंब ठेवला. टोक जड झालं की सूर उतरतो, आणि डाख पुढे कधीही काढता येतो. सूर बरोबर लागला, पण जीभ जरा आळशी झाली, उशिरा जागी होते. तेही वहीत लिहिलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सर्वधर्म स्थळात काँगनी ते वाजवलं. दोन गिटार, आमच्या बँडचा एक क्लॅरिनेट आणि पन्नास-साठ जवानांचे बेसूर गळे. माझं लक्ष सगळा वेळ त्या एका ‘ए’कडे. दुसऱ्या गाण्यात तो किंचित उशिरा आला, त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि पुढे गेल्या. सौभाग्यवती शेजारी होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, “वीस हजारांचं मी काही विसरले नाही हं.” पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

तिसरा हप्ता मार्चमध्ये वेळेवर आला. त्याबरोबर निरोप आला की ‘ए’ अजून शाबूत आहे, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत कागदाच्या पट्ट्या कशा काढायच्या ते एकदा दाखवून जा. पुढच्या रविवारी जाणार आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची पेटी, वडिलांचा ट्रम्पेट, काकांचं व्हायोलिन असंच कुठे पडलं असेल तर एवढंच सांगेन. घरात वाजवणारं कुणी असेल तर त्याच्या हातात द्या. नसेल तर विका. भाव कुठे जास्त मिळतो ते जरूर बघा, मीही बघितलं. पण घेणारा माणूस पहिल्यांदा काय करतो तेही बघा. फोटो काढतो की सूर दाबतो? सूर दाबणाऱ्याला जे काही मोडकं आहे ते स्वतःहून लिहून द्या, आणि एकदा दिलं की ते कसं वाजवावं यात पडू नका. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.